ग्रीक महाकाव्यं-नाटकं वाचताना प्रतिमांचं काय करू नये: या चुका टाळा

होमर आणि ग्रीक नाटकं अनुवादातून वाचणारे आता बरेच झालेत, आमच्या वाचन-गटात नवीन मंडळी येतच असतात, छान वाटतं, पण पहिल्या महिन्यात सगळे हमखास त्याच त्याच चुका करतात आणि मला तेच तेच बोलायचा कंटाळा आलाय, म्हणून एकदाचं लिहून टाकतो.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे अलंकार ओळखला की काम संपलं असं समजणं. ही सवय आपल्या शाळेने लावलीय. उपमेय काय, उपमान काय, साधर्म्य काय, घ्या दोन मार्क, पुढचा प्रश्न. होमरची उपमा अशी सुटत नाही कारण ती साधर्म्यापाशी थांबतच नाही, पुढे चालत राहते. ट्रॉयच्या युद्धावरचं होमरचं महाकाव्य इलियड, त्याच्या चौथ्या सर्गात ग्रीक राजा मेनेलाउसला बाण लागतो, मांड्यांवरून रक्त ओघळतं, आणि होमर म्हणतो, मायोनिया नाहीतर कॅरियातली बाई घोड्याच्या गालपट्टीसाठी हस्तिदंत किरमिजी रंगवते ना, तसं. पांढऱ्यावर लाल, झालं साधर्म्य. पण तो पुढे सांगतो की ती पट्टी कोठीत ठेवलीय, कितीतरी घोडेस्वारांचा तिच्यावर डोळा आहे, पण ती राजासाठी राखलेली आहे. याचा रक्ताशी काय संबंध? हाच प्रश्न घेऊन बसायचं. सगळ्यांना हवी असलेली आणि एकाच्याच मालकीची वस्तू आठवतेय कुणाच्या जखमेवरून, तर ज्याच्या बायकोवरून हे सगळं युद्ध पेटलं त्याच्या. मी हे छातीठोक सांगणार नाही, पण निदान तिथे थांबून बघाल की नाही?

आमच्याकडे एक हुशार मुलगा होता, वाचायचा भराभर, बोलायचा त्याहून भराभर. ओडिसी म्हणजे युद्धानंतर ओडिसियसच्या घरी परतण्याचं महाकाव्य, त्याच्या आठव्या सर्गावर बोलायची पाळी त्याची. तिथे डेमोडोकस हा गायक, ज्यात लपून ग्रीक ट्रॉयमध्ये शिरले त्या लाकडी घोड्याचं गाणं गातो, तेही ओडिसियसनेच फर्माईश केलेली असते, आणि ऐकता ऐकता ओडिसियसच रडायला लागतो. कसा, तर शहर वाचवताना पडलेल्या नवऱ्याच्या अंगावर कोसळून रडणाऱ्या बाईसारखा. आमच्या पठ्ठ्याने एका वाक्यात उरकलं, 'खूप दुःख झालं हे दाखवायला विधवेची उपमा.' आणि पान उलटलं. मी म्हटलं, अरे थांब, त्या बाईच्या पाठीत मागून भाले कोण टोचतंय? म्हणाला, शत्रू, तिला गुलाम म्हणून न्यायला. कुणाचं शहर पडलंय? 'ते लिहिलेलं नाही, सर, ती फक्त उपमा आहे.'

फक्त उपमा! अरे, गाणं ट्रॉयच्या पाडावाचं चाललंय, त्या गाण्यात कापाकापी करत फिरणारा माणूस हाच, आणि कवी त्याला रडवतोय ते त्यानेच जिंकलेल्या शहरातल्या बाईसारखं, तेही तिचं नाव न घेता. त्या दिवशी आम्ही पुढे सरकलोच नाही. गडी शेवटपर्यंत म्हणत राहिला की हा योगायोग आहे, आणि पुढच्या वेळी तावातावाने तेविसाव्या सर्गातला 'पुरावा' घेऊन आला की होमरचा गोंधळच उडतो: जहाज फुटल्यावर पोहत कसेबसे किनाऱ्याला लागलेल्या माणसांची उपमा येते, आपल्याला वाटतं ओडिसियसबद्दल, कारण बुडाला तोच, आणि शेवटी कळतं ती त्याची बायको पेनेलोपीबद्दल आहे. त्याला ती चूक वाटली. निदान तो थांबून शेवटपर्यंत वाचायला लागला, मला तेवढं पुरे.

माझी सवय सांगतो: उपमा हाताने वहीत उतरवायची, टाइप नाही, आणि साधर्म्याला जे लागत नाही त्या प्रत्येक तपशिलाखाली रेघ मारायची. वेळ लागतो. लागू द्या.

दुसरी डोक्यात जाणारी गोष्ट म्हणजे प्रतीकांचे तक्ते. जाळं म्हणजे नियती, सिंह म्हणजे शौर्य, प्रकाश म्हणजे ज्ञान. हल्ली तर एआयला विचारलं की दहा सेकंदात तक्ता हजर आणि लोक तोच घेऊन वाचायला बसतात. एस्किलसची तीन नाटकांची मालिका ऑरेस्टिया घ्या, इ.स.पू. 458. पहिल्या नाटकात आधी कोरस, म्हणजे गाणारा समूह, म्हणतो की रात्रीने ट्रॉयच्या बुरुजांवर जाळं टाकलं. मग राणी क्लायटेम्नेस्ट्रा ट्रॉयहून परतलेल्या नवऱ्यासमोर, चारचौघांत म्हणते, अफवांइतक्या जखमा खरंच झाल्या असत्या तर याच्या अंगाला जाळ्यापेक्षा जास्त भोकं पडली असती. ट्रॉयहून बंदी करून आणलेल्या, भविष्य दिसणाऱ्या कॅसांड्राला जाळं दिसतं, आणि शेवटी नवऱ्याला मारून त्याच्या प्रेताशेजारी उभी राहून क्लायटेम्नेस्ट्रा सांगते की मासे धरतात तसं याला वस्त्रात गुंडाळलं. बोलण्यातलं जाळं आता खरोखरचं कापड झालंय, आणि दुसऱ्या नाटकात तिचा मुलगा ऑरेस्टिस तेच कापड सगळ्यांना उघडून दाखवतो. त्याच नाटकात मेलेल्या बापाचं नाव टिकवणारी मुलं म्हणजे जाळं तरंगत ठेवणारी बुचं असंही येतं! तिथे तुमची नियती कुठे बसवणार? तक्ता फेका. प्रतिमा जिथे जिथे येते तिथे ओळ क्रमांक आणि कोण बोलतंय एवढंच लिहा, अर्थ नंतर.

कोण बोलतंय हे तर लोक विसरतातच. सोफोक्लीसच्या अँटिगनी नाटकात राज्य म्हणजे जहाज हे राजा क्रेऑन बोलतो, सोफोक्लीस नाही. पुढे त्याचाच मुलगा हेमॉन तेच जहाज बापावर उलटवतो: शिडाचा दोर ताणून धरलास, जरा सैल सोडला नाहीस, तर पालथ्या जहाजातून प्रवास करशील.

बाकी किरकोळ. होमरमध्ये 'गुलाबी बोटांची पहाट' दिसली की त्या पहाटेचं काय वेगळं यावर दोन पानं लिहू नका, ही ठरलेली विशेषणं आहेत, इलियडचा नायक अकिलीस बसलेला असला तरी 'चपळ पायांचा'च असतो. मिल्मन पॅरी या अभ्यासकाने हे शंभरेक वर्षांपूर्वी दाखवून दिलंय. होमरच्या 'वाइनच्या रंगाच्या' समुद्रावरून ग्रीकांना निळा रंग दिसतच नव्हता वगैरे गप्पा मारू नका, होमर बैलांनाही तेच विशेषण लावतो. आणि एकाच अनुवादावर विसंबून एखाद्या शब्दावर निबंध लिहू नका, निदान दोन अनुवाद शेजारी ठेवा. ज्यांना याचीही घाई असेल त्यांनी सरळ सारांश वाचावा, आमच्याकडे खुर्च्या तशाही कमीच आहेत.