पहिले तीन मीटर : ठाण्याहून पहिल्या स्कूबाला निघण्याआधी

मालवण असो की अंदमान, पहिल्यांदा स्कूबा करणाऱ्याला धास्ती असते ती खोलीची. नवशिक्यांना १२ मीटरच्या खाली नेत नाहीत असं कळलं की ‘म्हणजे चार मजले!’ असा हिशोब घरी बसल्या बसल्या होतो. प्रत्यक्षात जे लोक अर्ध्यातून वर येतात, ते बहुतेक पहिल्याच मजल्यावरून, वरच्या तीन मीटरांतून परततात.

याचं कारण दाबाच्या गणितात आहे. समुद्रसपाटीला आपल्यावर एक वातावरणाचा दाब असतो आणि पाण्यात दर १० मीटरला तेवढ्याच दाबाची भर पडते. म्हणजे पहिल्या १० मीटरांत दाब दुप्पट होतो, पुढच्या १० मीटरांत फक्त दीडपट. कानातली, सायनसमधली आणि मास्कमधली हवा सगळ्यात झपाट्याने आकसते ती अगदी सुरुवातीला. पुण्याहून येताना खंडाळ्याचा घाट उतरला की कानाला दडे बसतात ना, तो फरक पाण्यातल्या जेमतेम अर्ध्या-पाऊण मीटरएवढा असतो. घाटात तो दहा-पंधरा मिनिटांत पडतो, पाण्यात दोन-तीन सेकंदांत. त्यामुळे तयारी करायची ती या तीन मीटरांची, आणि त्यातली निम्मी ठाण्यातच उरकता येते.

सुरुवात कानांपासून करा. नाक चिमटीत धरायचं, तोंड मिटायचं आणि नाकातून हलकेच हवा सोडायचा प्रयत्न करायचा. कानात ‘टप्प’ असा बारीक आवाज आला की कान मोकळा झाला. निघण्याआधी आठवडाभर दिवसातून चार-पाच वेळा हे करून बघा, पण जोर लावू नका. गाल फुगून डोळे लाल होईस्तोवर फुंकल्याने आतल्या कानाला इजा होऊ शकते. काहींचा कान फुंकून सुटत नाही, नाक दाबून आवंढा गिळला की सुटतो. काहींना खालचा जबडा पुढे काढावा लागतो. आपल्याला यातलं काय लागू पडतं ते बोटीवर नव्हे, घरच्या सोफ्यावर कळलेलं बरं. एक कान सुटतो आणि दुसरा हट्टी, असंही असतं. हट्टी कान वरच्या बाजूला येईल अशी मान कलती करून पुन्हा करा. आठवडाभरात एकदाही टप्प झालं नाही, कधी कानाचा पडदा फाटला असेल किंवा कानाचं ऑपरेशन झालं असेल, तर कान-नाक-घसा तज्ज्ञाला दाखवल्याशिवाय पैसे भरू नका. मळ साचला असेल तर तोही डॉक्टरच काढतील. कानकोरणी आणि इअरबड या आठवड्यात कपाटात राहू द्या. पाण्यात कानात बोळे घालायची कल्पनाही सोडून द्या. बोळ्यामागे अडकलेल्या हवेचा दाब सारखा करता येत नाही आणि तो आत खेचला जातो.

दुसरी सवय तोंडाने श्वास घेण्याची. मास्कमध्ये नाक बंद असतं आणि रेग्युलेटर, म्हणजे सिलिंडरमधली हवा श्वासासाठी देणारं तोंडातलं उपकरण, तोंडात. मास्कमध्ये थोडं पाणी शिरलं की माणूस सवयीने नाकाने श्वास ओढतो, ठसका लागतो आणि घाबरगुंडी उडते. पहिल्या डाइव्हमधली निम्मी धांदल एवढ्यावरच असते. यावरचा सराव न्हाणीघरात होतो. साधी स्नॉर्कलची नळी आणा, मोठ्या टबात किंवा घंगाळात पाणी भरा, मास्क न लावता चेहरा बुडवा आणि नाक उघडं ठेवून नळीने एक मिनिट श्वास घ्या. पहिल्या दिवशी दहा सेकंदांत डोकं वर येईल. पाचव्या दिवशी मिनिट सहज निघेल.

पोहता येणं अशा पहिल्या, अनुभवापुरत्या डाइव्हला बहुतेक ठिकाणी सक्तीचं नसतं. इन्स्ट्रक्टर तुम्हाला धरूनच असतो. (सर्टिफिकेटचा कोर्स करायचा तर गोष्ट वेगळी. त्यात २०० मीटर पोहणं आणि १० मिनिटं तरंगणं लागतं.) तरीही ठाण्यात किंवा वाशी-नेरूळला एखाद्या तरण तलावाची महिनाभराची बॅच लावलीत तर पैसे वाया जाणार नाहीत. शर्यतीचं पोहणं नको; डोकं पाण्याखाली असताना अंग सैल सोडता येणं पुरे.

आता प्रकृती. कुठल्याही धड केंद्रावर आरोग्याचा एक प्रश्नांचा फॉर्म भरून घेतात. रांगेत उभं राहून सगळ्यांवर ‘नाही’ची खूण करण्याची आपल्याकडे पद्धत आहे, ती इथे महागात पडते. दमा, फिट्स, हृदयविकार, नुकतंच झालेलं ऑपरेशन, यांपैकी काही असेल तर डॉक्टरांचं पत्र ठाण्याहूनच घेऊन जा. गरोदरपणात आणि पूर्वी फुप्फुस आपोआप फुटलेलं असेल तर स्कूबा करायचंच नाही. आणि सर्दी? सर्दी असेल तर तारीख पुढे ढकला. नाक मोकळं करणारी गोळी घेऊन उतरायचा मोह होतो, पण तिचा असर पाण्याखाली असतानाच संपला तर आतली हवा वर येताना अडकते, आणि वर येणं तर टाळता येत नाही. मुलांसाठी किमान वय साधारण १० वर्षं धरतात.

केंद्राला फोनवर विचारायचे प्रश्न थोडेच आहेत, पण ठाम विचारा. इन्स्ट्रक्टरकडे पॅडी किंवा एसएसआयसारख्या संस्थेचं सर्टिफिकेट आहे का? एका इन्स्ट्रक्टरमागे किती पर्यटक? पहिल्या वेळी उत्तर ‘एक’ असंच हवं. आधी उथळ पाण्यात सराव करून घेता का? बोटीवर ऑक्सिजनचा सिलिंडर असतो का? आणि सगळ्यात महत्त्वाचं, पाण्याखालची मिनिटं किती? ‘दोन तासांचं पॅकेज’ म्हणजे बोट, कपडे बदलणं आणि रांग धरून दोन तास. खाली त्यातला छोटा तुकडाच असतो. स्वस्त आणि महाग यांतला फरक बहुधा याच मिनिटांत आणि खोलीत असतो. काही ठिकाणी पाठीवर सिलिंडर नसतोच, बोटीवरून आलेली लांब नळी तोंडात देतात. त्यात समुद्र दिसतो हे खरं, पण नळीच्या टोकाला बांधलेलं असणं आणि स्वतःची हवा पाठीवर घेऊन फिरणं यांत फार अंतर आहे. काय मिळणार हे आधी कळायला हवं. अंदमानात डोक्यावर काचेचं हेल्मेट घालून तळावर चालवतात, तो ‘सी वॉक’. तोही स्कूबा नव्हे.

जागा निवडताना भ्रम नको. मालवण-तारकर्ली ठाण्याहून सगळ्यात सोयीचं: कोकण रेल्वेची रात्रीची गाडी ठाण्याला किंवा पनवेलला पकडायची, सकाळी कुडाळला उतरायचं, तिथून मालवण तीसेक किलोमीटर. तारकर्लीला पर्यटन महामंडळाचं स्कूबा प्रशिक्षण केंद्रही आहे. पण इथल्या पाण्याला किनाऱ्याच्या गाळाची झाक असते, अंदमानासारखी निळी काच दिसणार नाही. दिवाळीनंतरचे महिने आणि वारा सुटण्याआधीची सकाळ त्यातल्या त्यात बरी. मेच्या अखेरीस सगळं बंद होतं आणि पावसाळा सरेपर्यंत उघडत नाही. निळी काच हवी तर अंदमानातलं स्वराज द्वीप, म्हणजे जुनं हॅवलॉक. एकच गोष्ट सांभाळा: रात्रभर गाडीत जागून सकाळी थेट पाण्यात उतरू नका. एक दिवस मध्ये ठेवा, भरपूर पाणी प्या, आदल्या रात्री दारू नको. सुट्टीच्या हंगामाचं रेल्वे आरक्षण ६० दिवस आधी उघडतं त्याच दिवशी करा, नाहीतर हा मधला दिवस हमखास कापला जातो.

डाइव्हच्या सकाळी दोन तास आधी हलकं खा: घावणे, केळं, इडली. मिसळ आणि वडे-सागोती परतल्यावर. रिकाम्या पोटीही जाऊ नका, बोटीत रिकामं पोट जास्त ढवळतं. बोट लागत असेल तर गोळी डॉक्टरांना विचारून आणि वेळेवर घ्या. उलटी सुरू झाल्यावर ती काही करत नाही. मंगळसूत्र आणि अंगठ्या खोलीवर ठेवा. गार पाण्यात बोटं आकसतात, अंगठी सुटते आणि वाळूत गेलेली परत मिळत नाही. बोटीत लाइफ जॅकेट बांधायचं, मांडीवर ठेवायचं नाही. २०२२ च्या मे महिन्यात तारकर्लीला पर्यटकांची बोट उलटून दोघांचा जीव गेला तो पाण्याखाली नव्हे, वर.

सामानाची ओळख मोजकीच हवी. पाठीवर सिलिंडर, त्यात साधी हवाच असते, निव्वळ ऑक्सिजन नव्हे. नेहमीच्या ११ लिटरच्या ॲल्युमिनियम सिलिंडरमध्ये २०० बार दाबाने सुमारे २,२०० लिटर हवा कोंबलेली असते. अंगात बीसीडी नावाचं फुगणारं जॅकेट; तरंगणं-बुडणं त्याच्यावर, आणि त्याची बटणं इन्स्ट्रक्टर सांभाळतो. कमरेला शिशाची वजनं. तोंडात रेग्युलेटर; तो दातांनी आवळू नका, ओठांनी धरा, नाहीतर जबडा दुखतो.

मास्ककडे मात्र नीट लक्ष द्या. पट्टा न लावता तो चेहऱ्यावर ठेवा आणि नाकाने हलका श्वास ओढा. हात सोडल्यावर चिकटून राहिला तर मापाचा. गळतीची नेहमीची कारणं दोनच: कडेखाली आलेली केसाची बट आणि मिशी. मिशीवाल्यांनी नाकाखालची बारीकशी पट्टी तासली तर बराच फरक पडतो. पेट्रोलियम जेली चोपडायचा सल्ला देणारे भेटतील, पण तिने मास्कचं सिलिकॉन खराब होतं. पट्टा करकचून आवळला की गळती उलट वाढते. कपाळाला थापलेलं सनस्क्रीन ओघळून डोळ्यांत जातं, ते मानेला आणि हातांना लावा. चष्मा मास्कखाली बसत नाही. नंबरचे मास्क काही केंद्रांवर मिळतात, फोनवरच विचारा. मऊ कॉन्टॅक्ट लेन्स चालतात. कमी नंबरवाल्यांना तर पाणीच मदत करतं, मास्कमधून वस्तू सुमारे एक-तृतीयांश मोठ्या दिसतात. काच धुरकट होऊ नये म्हणून आत थुंकी चोळून विसळतात. किळस वाटली तरी उपाय जुना आणि खात्रीचा आहे.

उथळ पाण्यात दोन गोष्टी दोन-दोनदा करून घेतल्याशिवाय पुढे जाऊ नका. मास्कमध्ये मुद्दाम थोडं पाणी घ्यायचं, वरची कड बोटांनी कपाळाला दाबायची, वर बघत नाकाने जोरात हवा सोडायची. पाणी खालून निघून जातं. आणि रेग्युलेटर तोंडातून काढून परत घालायचा: आधी त्यात फुंकर मारून पाणी बाहेर काढायचं, मग श्वास. फुंकायला हवा उरली नसेल तर रेग्युलेटरच्या समोरचं बटण दाबलं की काम होतं. रेग्युलेटर बाहेर असताना ओठांतून बारीक बुडबुडे सोडत राहायचं.

कारण पाण्याखाली श्वास कधीच रोखायचा नाही. भरल्या फुप्फुसांनी श्वास कोंडून माणूस वर आला तर आतली हवा प्रसरण पावते आणि फुप्फुसाला इजा करते; त्याला दीड मीटर उंचीही पुरते. म्हणून तरण तलावात दम कोंडून बुडी मारणाऱ्या पट्टीच्या पोहणाऱ्यावर इथे उलट जास्त लक्ष ठेवावं लागतं. सावकाश घ्या, त्याहून सावकाश सोडा.

खुणांमध्ये एक गफलत ठरलेली. अंगठा वर केला तर त्याचा अर्थ ‘झकास’ नाही, ‘मला वर न्या’. फोटोसाठी अंगठा दाखवून पाचव्या मिनिटाला वर आलेले पर्यटक कमी नाहीत. ‘ठीक’साठी अंगठा आणि तर्जनी जुळवून गोल करायचा. त्रास असेल तर पंजा आडवा धरून डुलवायचा आणि मग दुखतंय तिथे, म्हणजे बहुधा कानाकडे, बोट दाखवायचं. मान डोलावून ‘हो’ म्हणू नका; कुणाला कळत नाही आणि मास्क हलतो.

मग उतरणं. दोर असेल तर धरा, पाय खाली ठेवा. डोकं खाली करून उतरताना कान जड जातात. बुडण्याआधीच एकदा कान मोकळे करा, नंतर दर अर्ध्या मीटरला, दुखायची वाट न बघता. एकदा दुखू लागलं की कान आणि घसा जोडणारी आतली नळी दाबाने मिटलेली असते आणि मग फुंकून उपयोग होत नाही. खूण करा, अर्धा मीटर वर या, पुन्हा टप्प करा, मग खाली. तीनदा करून जमलं नाही तर त्या दिवशीचा डाइव्ह संपला, पैसे गेले तरी. मास्क चेहऱ्यावर रुतायला लागला तर नाकाने थोडी हवा त्यात सोडा. चार-पाच मीटर गेले की एकदम सगळं सोपं होतं, आणि मासे दिसायला लागतात तेही तिथेच.

खाली हात छातीशी घडी घालून ठेवा. प्रवाळ धारदार असतो, कापलेलं लवकर भरत नाही, आणि वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार तो संरक्षित आहे. तुकडा खिशात घालून विमानतळावर गेलात तर पंचाईत होईल. फोटोसाठी माशांना बिस्किट-पाव टाकणारा गाइड भेटला तर नको म्हणा.

वर आल्यावर मास्कमध्ये रक्ताचा एखादा थेंब दिसला तर घाबरू नका. सायनसची बारीक केशवाहिनी फुटलेली असते. कान दिवसभर जड राहू शकतो. दुसऱ्या दिवशीही दुखत असेल, ऐकू कमी येत असेल किंवा गरगरत असेल तर डॉक्टर गाठा.

परतीचं विमान एकाच डाइव्हनंतर निदान १२ तास सोडून घ्या, अनेक डाइव्ह झाले असतील तर १८. रक्तात विरघळलेला नायट्रोजन बाहेर पडायला तेवढा अवधी लागतो; त्याआधी उंचीवर, कमी दाबात गेलं तर त्याचे बुडबुडे होऊ शकतात. अंदमानात म्हणून डाइव्ह शेवटच्या दिवशी ठेवत नाहीत. मालवणहून गाडीने कोल्हापूरमार्गे यायचं असेल तर आंबोलीचा घाटही सुमारे ७०० मीटरवर जातो. त्या संध्याकाळी किनाऱ्यालाच मुक्काम करा, घाट दुसऱ्या दिवशी.