‘डर्थ’ कुठे लिहायचा, कुठे नाही

महापालिकेला इंग्रजीत अर्ज लिहायचा झाला की सोलापुरात विषय बहुधा पाण्याचाच असतो. आणि वाक्य बहुधा असं: ‘देअर इज डर्थ ऑफ वॉटर इन अवर एरिया सिन्स फाइव्ह डेज.’

यातल्या व्याकरणाच्या चुका आधी काढून टाकू. ‘डर्थ’च्या आधी ‘अ’ हवा. ‘सिन्स’पुढे वार किंवा तारीख येते, मुदत सांगायची तर ‘फॉर’. आणि गोष्ट तेव्हापासून आजपर्यंत चालू असेल तर ‘इज’ जाऊन ‘हॅज बीन’ येतं. एवढं केलं तरी वाक्य कानाला खटकतंच, कारण मुळात शब्द चुकलाय.

‘डर्थ’ म्हणजे वानवा. ‘गणिताच्या चांगल्या शिक्षकांची वानवा आहे’ असं आपण म्हणतो. ‘आज नळाला पाण्याची वानवा आहे’ असं कोणी म्हणत नाही. शब्द निवडायची सोपी रीत हीच: वाक्य आधी मराठीत म्हणून बघा. ‘वानवा’ शोभली तर ‘डर्थ’, ‘तुटवडा’ शोभला तर ‘शॉर्टेज’, ‘टंचाई’ शोभली तर ‘स्केअर्सिटी’. दहातल्या आठ-नऊ वेळा ही रीत चालते. डिक्शनरीत हे तिन्ही शब्द एकमेकांचे समानार्थी म्हणून दिलेले असतात आणि घोटाळा तिथूनच सुरू होतो.

अर्जासाठी मात्र यातला एकही शब्द नको. चार-पाच दिवसांआड पाणी येणं ही इथली नेहमीची पाळी; त्यामुळे ‘पाच दिवस पाणी नाही’ वाचून कारकुनाच्या डोक्यात काहीच पेटत नाही. पाळी चुकली हे लिहा: ‘वॉटर वॉज ड्यू ऑन मंडे. इट हॅज स्टिल नॉट कम. टुडे इज थर्सडे.’ पाणी आलं पण पुरलं नाही, तर ‘शॉर्टेज’ लिहा आणि किती मिनिटं आलं तेही लिहा.

आता उच्चार. ‘डिअर्थ’ नाही, ‘डार्थ’ही नाही. पृथ्वीसाठी जो इंग्रजी शब्द आहे, ‘अर्थ’, त्याच्या स्पेलिंगआधी ‘डी’ लावला की ‘डर्थ’चं स्पेलिंग तयार: डी-ई-ए-आर-टी-एच. उच्चारही त्याच्याच यमकात. मधला ‘आर’ गळला की ‘डेथ’ होतो, आणि ‘देअर इज नो डेथ ऑफ टॅलेंट इन सोलापूर’ असं छापून जातं. ‘डेथ’ हाही खरा शब्द असल्याने कॉम्प्युटर त्याखाली लाल रेघ ओढेलच असं नाही. हे डोळ्यांनीच तपासायचं.

शब्दाची घडण कळली की तो विसरत नाही. ‘वॉर्म’पासून ‘वॉर्म्थ’, तसा ‘डिअर’पासून ‘डर्थ’. इथला ‘डिअर’ म्हणजे महाग. म्हणजे मूळ अर्थ महागाई; मग धान्य महागण्याइतकी त्याची ओढाताण, आणि शेवटी कुठल्याही हव्याशा गोष्टीची उणीव. संक्रांतीच्या सुमारास सोलापुरात सिद्धेश्वराची गड्ड्याची जत्रा भरते, त्या दिवसांत पंचांगातलं संक्रांतीचं फळ वाचून ‘संक्रांतीने अमुक धारण केलंय, आता ते महागणार’ अशी चर्चा घरोघर होते, तिच्यात महागाई आणि टंचाई अशाच एकमेकींत मिसळलेल्या असतात. आजच्या इंग्रजीत मात्र ‘डर्थ’मधून किंमत पार निघून गेलीय. भाव वाढले एवढंच सांगायचं असेल तर हा शब्द वापरू नका.

‘हव्याशा’ हा शब्द वर मुद्दाम घातलाय. नकोशा गोष्टीची ‘डर्थ’ नसते. ‘नो डर्थ ऑफ मॉस्किटोज’ लिहिलंत तर तो टोमणा होतो, जसं मे महिन्यात कोणी म्हणावं की सोलापुरात उन्हाची वानवा नाही. ‘नो’ लावलेलं हे रूप आपल्याकडच्या इंग्रजीत फार चालतं. तिथे ‘अ’ गळतो: ‘देअर इज नो डर्थ ऑफ स्किल्ड वीव्हर्स हिअर.’

पुढचं नाम मोजता येत असेल तर अनेकवचनात घ्या, ‘टीचर’ नव्हे, ‘टीचर्स’. तरी क्रियापद ‘इज’च राहतं, कारण ते ‘डर्थ’शी बांधलेलं आहे. ‘इन्फर्मेशन’ला मात्र ‘एस’ लावायचा नाही. जोडणारा शब्द फक्त ‘ऑफ’. ‘वॉटर इज डर्थ’ हे वाक्यच होत नाही, कारण ‘डर्थ’ विशेषण नाही. तिथे ‘स्केअर्स’ लागतो. त्याच्यापुढे ‘ली’ लावलात तर अर्थ फिरतो: ‘स्केअर्सली’ म्हणजे जेमतेम. ‘ही स्केअर्सली ईट्स’ म्हणजे तो जेमतेमच खातो. यात अन्नाच्या टंचाईचा काही संबंध नाही.

‘शॉर्टेज’ची खूण म्हणजे आकडा. लूमवर 40 कामगार हवेत आणि 33 आले, तर ‘अ शॉर्टेज ऑफ 7 वर्कर्स’. ‘अ डर्थ ऑफ 7 वर्कर्स’ होत नाही; वानवा मोजून सांगत नाहीत. ‘अ‍ॅक्यूट’ हे विशेषणही ‘शॉर्टेज’लाच शोभतं, ‘डर्थ’ला ‘सीरिअस’ लावा.

‘स्केअर्सिटी’ (‘स्कार्सिटी’ नव्हे) हा अर्थशास्त्राचा आणि आपल्याकडे सरकारी कागदाचा शब्द. 1963 साली महाराष्ट्राने कायदा करून राज्यात लागू असलेल्या कायद्यांतला ‘फॅमिन’, म्हणजे दुष्काळ, हा शब्द काढला आणि त्याजागी ‘स्केअर्सिटी’ घातला. लोकांनी ऐकलं नाही. सांगोला-मंगळवेढ्याकडे आजही ‘72 चा दुष्काळ’च म्हणतात. भाषांतर करणाऱ्याने हे ध्यानात ठेवावं: ‘टंचाईग्रस्त गावे’साठी ‘स्केअर्सिटी’ लिहा, ‘डर्थ’ नको, आणि म्हाताऱ्या माणसाच्या तोंडचा ‘दुष्काळ’ असेल तर तिथे ‘स्केअर्सिटी’ घालून त्याची धार बोथट करू नका, ‘ड्राउट’ किंवा ‘फॅमिन’ लिहा.

‘पॉसिटी’ प्रबंधासाठी ठेवा, पुरावा किंवा माहिती थोडकी असते तेव्हा. ‘लॅक’ क्रियापद असेल तर पुढे ‘ऑफ’ नको: ‘ही लॅक्स एक्स्पीरिअन्स.’

बाजार समितीत कांद्याची आवक घटली तर ‘अरायव्हल्स हॅव फॉलन’ लिहा, ‘डर्थ’ नाही. गाड्यांच्या रांगा लागून भाव पडले तर शब्द ‘ग्लट’. परीक्षेत ‘डर्थ’चा विरुद्धार्थी विचारला आणि पर्यायांत ‘अबन्डन्स’ व ‘ग्लट’ दोन्ही दिसले, तर ‘अबन्डन्स’वर खूण करा, ‘ग्लट’ म्हणजे नको इतका माल, विपुलता नव्हे.