नमपाय २ वर जाण्याआधी : पावसाच्या कोडची तयारी

नमपाय ही पायथॉनची आकडेमोडीची लायब्ररी; तिच्या नव्या व्हर्जनवर जाताना ऐन पावसाळ्यात चालतं मॉडेल अपग्रेड करायचं नाही, एवढं पथ्य पाळलंत तरी निम्मी तयारी झाली. जुन्या एन्व्हायर्नमेंटला (कोडसाठी लागणाऱ्या पॅकेजेसच्या मांडणीला) हात न लावता आधी तिची नोंद करून ठेवा. कोंडा या पॅकेज बसवणाऱ्या साधनाच्या एक्स्पोर्टची यमल फाइल हवीच, पण 'एक्स्प्लिसिट' यादीही काढा; त्याच ऑपरेटिंग सिस्टिमवर तीच मांडणी पुन्हा उभी करायला हीच यादी उपयोगी पडते. पिप या दुसऱ्या साधनाने टाकलेली पॅकेजेस मात्र तिच्यात येत नाहीत, त्यांसाठी पिप फ्रीझ वेगळं.

मग जुन्या व्हर्जनवर एक ठरलेलं उत्तर काढून ठेवा. हवामान विभागाच्या पुणे कार्यालयाचा, पाव अंशाच्या चौकटींत मांडलेला रोजचा पाऊस यासाठी उत्तम. ग्रिड १२९ × १३५, म्हणजे लीप नसलेल्या वर्षाची चार बाइटची बायनरी फाइल बरोबर २,५४,२५,९०० बाइट भरली पाहिजे; कमी भरली तर डाउनलोड अर्धवट आहे, कोडला दोष देऊ नका. २००५ चं वर्ष घ्या. मुंबईचा २६ जुलैचा पाऊस सकाळी साडेआठपर्यंतच्या नोंदीमुळे २७ तारखेला मिळतो, शून्यापासून मोजल्यास दिवसाचा थर क्रमांक २०७. त्या थराची बेरीज, कमाल आणि -९९९ (म्हणजे माहिती नाही) असलेल्या चौकटींची संख्या लिहून ठेवा.

नवी एन्व्हायर्नमेंट कोंडा-फोर्ज या चॅनेलवरूनच (पॅकेजेसच्या साठ्यावरूनच) बांधा आणि चॅनेलचा अग्रक्रम 'स्ट्रिक्ट' ठेवा. हवामानाच्या फाइली वाचणारं नेटसीडीएफ४ पिपने आणि बाकीचं कोंडाने घेतलं, तर त्याच्या आत वापरल्या जाणाऱ्या एचडीएफ५ लायब्ररीच्या दोन वेगळ्या प्रती एकाच प्रोसेसमध्ये येऊ शकतात. मग चांगली फाइल उघडतानाही 'एचडीएफ एरर' येतो आणि लोक फाइल खराब झाली म्हणून ती पुन्हा उतरवत बसतात.

जून २०२४ मध्ये आलेल्या नमपाय २.० ने जुन्या नमपायवर कंपाइल झालेली पॅकेजेस निकामी केली. आपल्या फोर्ट्रानच्या रूटीन्स एफटूपायने (फोर्ट्रान पायथॉनला जोडणाऱ्या साधनाने) जोडल्या असतील तर त्या नव्याने बांधा, पायथॉन ३.१२ पासून त्यासाठी मेसॉन आणि निन्जा ही बांधणीची साधनंही लागतात. काढून टाकलेली नावं रफ या कोड तपासणाऱ्या साधनाच्या एनपीवाय२०१ नियमाने मिनिटभरात सापडतात.

एरर येतो ते एका अर्थी बरं, खरी गोची न बोलता होते. ०.० पासून सुरुवात करून लूपमध्ये एकेका चौकटीचा फ्लोट३२ (चार बाइटचा दशांश आकडा) पाऊस मिळवत गेलात, तर नमपाय १ मध्ये बेरीज फ्लोट६४ (आठ बाइटची, जास्त अचूक) होत असे. २ मध्ये ती फ्लोट३२ च राहते. जेमतेम सात अंक अचूक. हजारो चौकटींनंतर शेवटचे अंक सरकतात आणि कुठलाही इशारा मिळत नाही. सुरुवातच फ्लोट६४ च्या शून्याने करा, किंवा लूप काढून टाकून सम (बेरजेचं फंक्शन) वापरा आणि त्यात डीटाइप (आकड्याचा प्रकार) फ्लोट६४ सांगा.

तारखांनुसार तक्ते हाताळणाऱ्या पांडास लायब्ररीत २.२ पासून महिनाअखेरीच्या 'एम' या संकेताऐवजी 'एमई' आलं, तासाचं मोठं 'एच' लहान झालं. जुन्या संकेताचा इशारा बंद व्हावा म्हणून 'एमएस' (महिन्याची सुरुवात) लिहू नका! लेबल ३१ जानेवारीवरून १ जानेवारीवर जातं, ग्रिडच्या डेटासाठीची लायब्ररी एक्सअ‍ॅरे वजाबाकी करताना फक्त जुळणाऱ्या तारखा ठेवतो, आणि विसंगतीच्या (सरासरीपासूनच्या फरकाच्या) नकाशाऐवजी हाती रिकामा अ‍ॅरे येतो. चाचणी चालवताना फ्यूचरवॉर्निंग (पुढे बंद होणाऱ्या गोष्टींचा इशारा) एररमध्ये बदलून घ्या, म्हणजे अशा जागा आधीच उघड्या पडतील.

जुनं-नवं उत्तर ताडताना तंतोतंत बरोबरी मागू नका; फ्लोट३२ ला सापेक्ष फरक १ लाखात १ पर्यंत चालेल. -९९९ ची संख्या मात्र एकानेही बदलता कामा नये.

भूजलवाल्यांना एक जादा काम. फ्लोपाय हे पायथॉन पॅकेज फक्त इनपुट लिहितं आणि आउटपुट वाचतं, भूजलाचं गणित मॉडफ्लो ६ हा वेगळा प्रोग्राम करतो. पॅकेज नवं आणि प्रोग्राम जुना राहिला तर नवे पर्याय लिहिले जातात, पण मॉडफ्लो ते नाकारतो. रन झाल्यावर सिम्युलेशनच्या लिस्ट फाइलच्या डोक्यावरचं व्हर्जन वाचून मगच निकाल उघडा.