नव्या लशीविषयीच्या शंकांना उत्तर कसे द्यावे

डेंग्यूवरील स्वदेशी लशीची बातमी आली की सोसायटीच्या ग्रुपवर कोणाला ती लगेच हवी असते, तर कोणाला आपल्यावर प्रयोग चालल्याची धास्ती वाटते. आशाताई, शिक्षक किंवा घरातील जाणती व्यक्ती म्हणून आपल्याला विचारणा झाली, तर प्रथम मूळ बातमी वाचून चाचणी कोणत्या टप्प्यावर आहे हे पाहावे. पहिल्या दोन टप्प्यांत मुख्यतः सुरक्षितता, मात्रा आणि प्रतिकारशक्तीचा प्रतिसाद तपासतात. लस आजार खरोखर रोखते का, हे तिसऱ्या टप्प्यात हजारो लोकांच्या गटांची तुलना केल्यावरच कळते. पॅनेशिया बायोटेक या भारतीय कंपनीच्या 'डेंगीऑल' या डेंग्यूवरील लशीची या टप्प्यातील चाचणी ऑगस्ट २०२४ मध्ये रोहतक येथे सुरू झाली. तीत दहा हजारांहून अधिक निरोगी प्रौढांचा समावेश असून त्यांचा दोन वर्षे पाठपुरावा करण्याचे ठरले होते. चाचणी सुरू झाल्याच्या बातमीवर 'लस आली' असे कोणी लिहिले, तर एवढी दुरुस्ती नम्रपणे पण लगेच करावी.

त्यानंतर शंका पूर्ण ऐकून घ्यावी. 'मला डेंग्यू होऊन गेला, आता लस कशाला?' असे विचारणाऱ्यास सांगावे की या विषाणूचे चार प्रकार आहेत. एका प्रकाराच्या संसर्गाने त्याच प्रकारापासून दीर्घकाळ संरक्षण मिळते, आणि पुढे दुसऱ्या प्रकाराचा संसर्ग झाल्यास जुनी प्रतिपिंडे (आधीच्या संसर्गाशी लढताना शरीराने तयार केलेली प्रथिने) विषाणूला पेशीत शिरण्यास मदत करू शकतात, त्यामुळे आजार अधिक गंभीर होण्याचा धोका वाढतो.

कोणी फिलिपिन्सचा दाखला दिला, तर त्याला अफवा म्हणून झटकून टाकू नये, कारण तो खरा आहे. तेथे एप्रिल २०१६ पासून सरकारी कार्यक्रमात आठ लाखांहून अधिक मुलांना 'डेंगवॅक्सिया' लस देण्यात आली. नोव्हेंबर २०१७ मध्ये ती लस बनवणाऱ्या सनोफी कंपनीनेच जाहीर केले की, ज्यांना आधी डेंग्यू झालेला नाही त्यांना लशीनंतर संसर्ग झाल्यास आजार गंभीर होण्याची शक्यता अधिक आहे. लसी महत्त्वाच्या आहेत याच्याशी ठामपणे सहमत असणाऱ्यांचे प्रमाण तेथील सर्वेक्षणात २०१५ मधील ९३ टक्क्यांवरून २०१८ मध्ये ३२ टक्क्यांवर आले. पालकांचा तो राग मला रास्त वाटतो. म्हणून हा प्रश्न विचारणाऱ्याला लसविरोधक ठरवू नये. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये त्या लशीपूर्वी रक्ततपासणी करून पूर्वी संसर्ग झालेल्यांनाच ती देण्याची पद्धत श्रेयस्कर ठरवली, हेही त्याला सांगावे. नव्या लशीचे निष्कर्ष येतील तेव्हा, आधी डेंग्यू न झालेल्यांमधील आकडे वेगळे दिले आहेत का आणि चारही प्रकारांविरुद्ध परिणाम दिसला का, हे त्याच्यासह आपणही तपासावे.

लस कधी मिळेल, याची तारीख मात्र कोणालाही सांगू नये. तोवर आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळून पाण्याची पिंपे रिकामी करावीत, आतून घासावीत आणि कोरडी झाल्यावरच पुन्हा भरावीत.