पेरणीआधी पिकअपसाठी एक दिवस : घरच्या घरी करावयाची देखभाल

पावसाची चाहूल लागली की शेतकरी बियाणे, खते आणि अवजारे यांची जुळवाजुळव सुरू करतो. मात्र हे सारे शेतापर्यंत वाहून नेणाऱ्या पिकअपकडे बहुधा ती बंद पडल्यावरच लक्ष जाते. पेरणीच्या दिवसांत गाडी दोन दिवस उभी राहिली, तर वाफसा तिच्यासाठी थांबत नाही. म्हणून हंगामाच्या दोन-तीन आठवडे आधी, जमीन कोरडी आणि हाताला थोडी सवड असताना, एक पूर्ण दिवस या कामासाठी राखून ठेवावा. पुढील बहुतेक कामे पान्यांचा साधा संच, भक्कम जॅक, ग्रीस गन, हवेचा दाब मोजण्याचा गेज आणि जुने सुती कापड एवढ्या साहित्यावर घरी होतात. गाडीसोबत मिळालेली माहितीपुस्तिका मात्र शेजारी उघडी असावी, कारण ऑइलचा दर्जा, त्याचे प्रमाण, टायरमधील दाब आणि कोणता बोल्ट किती आवळावयाचा, हे आकडे गाडीगणिक बदलतात व तेथे अंदाज चालत नाही.

शेतीच्या कामातील पिकअप वर्षभरात फारसे किलोमीटर चालत नाही, त्यामुळे सर्व्हिसिंगला अजून अवकाश आहे असे वाटत राहते. ही समजूत महागात पडते. बऱ्याच पुस्तिकांमध्ये देखभालीची दोन वेळापत्रके दिलेली असतात : एक सामान्य वापरासाठी आणि दुसरे खडतर वापरासाठी. धुळीचे रस्ते, भरलेला हौदा, कमी वेगात सतत चालणे आणि इंजिन नीट तापण्याआधीच संपणाऱ्या छोट्या फेऱ्या या सर्व गोष्टी खडतर वापरात मोडतात, म्हणजे शेतावरची गाडी जवळजवळ नेहमीच दुसऱ्या वेळापत्रकात बसते. छोट्या फेरीत इंजिनात जमलेली वाफ आणि न जळालेले इंधन उडून जाण्याइतके ऑइल तापतच नाही. ते तसेच ऑइलमध्ये मिसळून राहते. म्हणून किलोमीटर किंवा महिने, यांपैकी जी मुदत आधी संपेल ती खरी मानावी.

कामाला हात घालण्यापूर्वी गाडी कोठे उभी करावयाची हे ठरवावे. जागा सपाट आणि कठीण हवी. मी स्वतः एकदा अंगणातील घट्ट वाटणाऱ्या मातीवर जॅक लावून मागचे चाक काढले होते. चाक बाजूला ठेवले आणि जॅकचा तळ एका अंगाने हळूहळू मातीत रुतू लागला. आवाज झाला नाही, फक्त हौद्याची कड डोळ्यांसमोर तिरपी होत गेली. ॲक्सलखाली घोडी, म्हणजे उंची बदलता येणारे लोखंडी स्टँड, आधीच सरकवलेली होती म्हणून गाडी चार बोटे खाली येऊन तिच्यावर टेकली. त्या क्षणी माझा हात ब्रेकच्या ड्रमवर होता. तेव्हापासून जॅकखाली जाड, रुंद फळी ठेवल्याशिवाय मी गाडी उचलत नाही. जॅक हा गाडी उचलण्यासाठी असतो, तोलून धरण्यासाठी नव्हे. केवळ जॅकवर उभ्या असलेल्या गाडीखाली कोणीही, क्षणभरासाठीसुद्धा, जाऊ नये. जमिनीवर राहणाऱ्या चाकांना दोन्ही बाजूंनी उटी, म्हणजे दगड किंवा लाकडाचे ठोकळे, लावावी. बहुतेक गाड्यांचा हँडब्रेक मागच्या चाकांवरच काम करतो, त्यामुळे मागची दोन्ही चाके उचलली की त्याचा उपयोग उरत नाही. आणि मागचे एकच चाक उचलले, तर गिअरमध्ये ठेवलेली गाडीसुद्धा डिफरन्शियलमुळे, म्हणजे दोन्ही चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणाऱ्या यंत्रणेमुळे, सरकू शकते.

पहिले काम एअर फिल्टरचे, कारण शेतीतील इंजिनाची सर्वाधिक झीज धुळीमुळे होते. फिल्टरच्या डब्याच्या क्लिपा सोडून झाकण उचलण्याआधी बाहेरची धूळ ओल्या कापडाने पुसून घ्यावी, नाहीतर तीच आत पडते. मळणीनंतर काही आठवडे उभ्या राहिलेल्या गाडीचा डबा मी उघडला, तेव्हा फिल्टरच्या घड्यांत फोलपटे दडून बसली होती आणि खालच्या कोपऱ्यात उंदराने पोत्याचे धागे व कुरतडलेला कागद गोळा करून घरटे केले होते. त्याच कोपऱ्याजवळ फिल्टरच्या कागदाला करंगळी जाईल एवढे भोक पडले होते. असा फिल्टर वरून कितीही स्वच्छ दिसला, तरी तो बदलावाच लागतो. तपासण्याची सोपी रीत अशी की फिल्टरच्या आत बॅटरीचा दिवा धरून बाहेरून पाहावे : प्रकाश सगळीकडे सारखा मंद झिरपत असेल तर फिल्टर चालण्याजोगा आहे, एखाद्या ठिकाणी ठिपक्यासारखा झगझगीत दिसला तर तेथे छिद्र आहे, आणि प्रकाश येतच नसेल तर तो चोंदला आहे. कागदी फिल्टर पाण्याने धुऊ नये. धूळ कोरडी असेल तर तो हलक्या हाताने झटकावा, हवा मारावयाचीच असेल तर दाब कमी ठेवून आतून बाहेरच्या दिशेने मारावी, आणि डब्याच्या रबरी कडेवर चीर नाही हे बोट फिरवून पाहावे. फिल्टरपासून इंजिनापर्यंत जाणाऱ्या नळीची क्लिप ढिली असेल, तर नवा फिल्टर बसवूनही धूळ आडवाटेने आत जाते.

ऑइलची पातळी सपाट जागी, इंजिन बंद करून पाच-दहा मिनिटे थांबल्यावर पाहावी. डिपस्टिक एकदा पुसून पुन्हा पूर्ण आत घालावी आणि मगच खूण वाचावी. पातळी दोन खुणांच्या मध्ये असावी. वरच्या खुणेपेक्षा जास्त भरलेले ऑइलही इंजिनाला अपाय करते. डिझेल इंजिनाचे ऑइल बदलल्यानंतर लवकरच काळे पडते, त्यामुळे केवळ रंगावरून घाबरण्याचे कारण नाही; मात्र ऑइल दुधासारखे किंवा चहासारखे फिकट दिसले, तर त्यात पाणी किंवा कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारा द्रव, मिसळत असल्याची शक्यता असते आणि अशी गाडी चालवू नये. ऑइल बदलताना इंजिन कोमट असावे, म्हणजे गाळ ऑइलबरोबर निघून जातो. खालचा नट परत बसवताना त्याचे वायसर नवे घालावे. जुना ऑइल फिल्टर काढल्यावर त्याची रबरी रिंग इंजिनाला चिकटून राहिली नाही ना, हे हाताने चाचपून खात्री करावी, कारण जुन्या रिंगवर नवी रिंग बसली तर इंजिन सुरू होताच ऑइल बाहेर पडू लागते. नव्या फिल्टरच्या रिंगेला बोटाने ऑइलचा हात द्यावा, रिंग टेकेपर्यंत फिल्टर हाताने फिरवावा आणि त्यानंतर साधारण पाऊण फेरा आवळावा. पान्याने करकचून आवळू नये. निघालेले जुने ऑइल बंद डब्यात साठवून ते गोळा करणाऱ्या केंद्राकडे द्यावे. ते बांधावर, विहिरीजवळ किंवा वाळवीसाठी लाकडावर ओतू नये. त्यातील जड धातू आणि विषारी घटक माती व पाणी खराब करतात आणि कातडीलाही घातक असतात.

रेडिएटरचे झाकण इंजिन गरम असताना उघडू नये, कारण आतील द्रव दाबाखाली असतो आणि झाकण सैल होताच उकळता फवारा तोंडावर येतो. कूलंट तयार मिळाले नाही, तर शुद्ध कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर पुस्तिकेत सांगितलेल्या प्रमाणात, बहुधा निम्मे-निम्मे, मिसळावे. विहिरीचे किंवा बोअरचे पाणी टाकण्याची सवय फार जणांना असते. त्या पाण्यातील क्षार रेडिएटरच्या बारीक नळ्यांत साचतात आणि ऐन भर ओझ्याच्या वेळी गाडी तापते. रेडिएटरच्या पापुद्र्यांत अडकलेला भुसा, पिसे आणि किडे काढताना पाण्याची धार सौम्य ठेवावी व ती इंजिनाच्या बाजूने बाहेरच्या दिशेने सोडावी. जोरदार धारेने पापुद्रे वाकतात आणि वारा अडतो.

पावसाळ्यात डिझेलमध्ये पाणी शिरण्याचा धोका वाढतो. अर्धवट रिकाम्या टाकीत रात्रीच्या गारव्याने दव धरते, म्हणून जमेल तेव्हा संध्याकाळीच टाकी भरून ठेवावी. कॅन उघड्यावर ठेवू नयेत आणि डिझेल ओतताना गाळणी वापरावी. डिझेल फिल्टरच्या तळाशी पाणी साचण्याची जागा असते. तेथील स्क्रू थोडा सैल करून, खाली काचेची बरणी धरून, निघणारा द्रव पाहावा. पाणी जड असल्याने बरणीच्या तळाशी बसते आणि डिझेलपासून वेगळे स्पष्ट दिसते. स्वच्छ डिझेल येऊ लागले की स्क्रू बंद करावा आणि हातपंप असेल तर तो दाबून एअर काढावी.

ज्या नव्या डिझेल गाड्यांत डीईएफची, म्हणजे धूर शुद्ध करण्यासाठी लागणाऱ्या द्रवाची, वेगळी टाकी असते, त्यांच्या मालकांना एक कळकळीची सूचना आहे. डीईएफ हे 32.5 टक्के युरियाचे द्रावण असते हे कळल्यावर, घरात खताच्या गोण्या आहेतच तर त्यातील युरिया विरघळवून टाकू, असा विचार शेतकऱ्याच्या मनात येणे स्वाभाविक आहे. तसे कदापि करू नये. डीईएफसाठी लागणारा युरिया अतिशय शुद्ध असतो. खताच्या युरियातील अशुद्ध घटक आणि त्यावरील लेप यांमुळे इंजेक्टर चोंदतात व धूर शुद्ध करणारी यंत्रणा निकामी होते, आणि तिची दुरुस्ती अत्यंत खर्चिक असते.

ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषून घेते. डॉट 3 प्रतीच्या नव्या ब्रेक ऑइलचा उत्कलनबिंदू किमान 205 अंश सेल्सिअस असतो, पण ओलावा शिरल्यावर तो 140 अंशांपर्यंत उतरू शकतो. भरलेली गाडी उतारावरून ब्रेक लावत आणताना हे ऑइल उकळले, तर नळीत वाफ होते आणि पेडल मऊ पडून थेट तळाला जाते. म्हणून साधारण दर दोन वर्षांनी, अथवा पुस्तिकेप्रमाणे, ते बदलावे. डबीतील पातळी खाली गेली असेल, तर नुसते ओतून मोकळे होऊ नये. पॅड झिजले आहेत की कोठे गळती आहे हे शोधावे. पॅडवरील घासण्याचा थर 3 मिलिमीटरच्या आसपास आला की बदलण्याची वेळ झाली. पाण्यातून गाडी काढल्यावर काही अंतर हळू चालवत ब्रेक हलकेच दाबावेत, म्हणजे ते कोरडे होतात.

टायरचा दाब गाडी चालवण्याआधी, टायर थंड असताना तपासावा. पिकअपच्या मागच्या चाकांसाठी रिकाम्या व भरलेल्या गाडीचे दाब बहुधा वेगळे असतात. ते दाराच्या चौकटीवरील पट्टीवर लिहिलेले असतात. नक्षी मध्यभागी जास्त झिजली असेल तर हवा जास्त होती, दोन्ही कडांना झिजली असेल तर कमी होती, आणि एकाच कडेला झिजली असेल तर अलाइनमेंट बिघडले आहे, असे समजावे. नक्षीच्या खाचांमध्ये आडव्या उंचवट्याच्या खुणा असतात. नक्षी त्यांच्या बरोबरीला आली, म्हणजे खोली सुमारे 1.6 मिलिमीटर उरली, की टायर संपला. चिखलात मात्र त्याच्या बऱ्याच आधीपासून पकड सुटू लागते, त्यामुळे त्या खुणेची वाट पाहू नये. टायरच्या बाजूवर डॉट या अक्षरांनंतर येणाऱ्या क्रमांकातील शेवटचे चार अंक तयार झाल्याचा आठवडा आणि वर्ष सांगतात : 1422 म्हणजे 2022 सालचा चौदावा आठवडा. कमी वापराच्या गाडीत नक्षी शिल्लक असूनही रबर म्हातारे झालेले असते, म्हणून बाजूच्या बारीक भेगा नीट पाहाव्यात. स्टेपनी तपासावयाची राहते. तिच्याकडेही याच वेळी पाहावे.

गाडीखाली घोड्या लावलेल्या असतानाच पाट्यांकडे, म्हणजे ॲक्सलवरील पोलादी स्प्रिंगांकडे, वळावे. पाट्यांना तडा आहे का, मधला बोल्ट शाबूत आहे का आणि यू आकाराचे बोल्ट ढिले झाले आहेत का, हे तारेच्या ब्रशने माती खरवडून पाहावे. मातीच्या थराखाली तडा दिसत नाही. प्रॉपेलर शाफ्टच्या क्रॉसला व इतर सांध्यांना निपल असतील, तर ते आधी पुसून घ्यावेत आणि जुने ग्रीस बाहेर येऊन नवे दिसेपर्यंत ग्रीस भरावे. न पुसता भरलेल्या ग्रीसबरोबर वाळू सांध्यात जाते.

हौद्याचा शत्रू पाण्यापेक्षाही खत आहे. सांडलेले खत हवेतील ओलावा ओढून घेते आणि त्या खारट ओलीने पत्रा झपाट्याने गंजतो. खताची फेरी झाली की त्याच दिवशी हौदा झाडून, मग धुऊन काढावा. कोपऱ्यांतील निचऱ्याची भोके तारेने मोकळी करावीत. गंज दिसेल तेथे तो खरवडून, कोरडे करून, प्रायमर आणि रंग लावावा.

बॅटरीच्या टोकांवर आलेला पांढरा-हिरवट थर खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुवावा आणि कोरडे झाल्यावर पेट्रोलियम जेलीचा हात द्यावा. तार काढताना आधी ऋण टोकाची काढावी व जोडताना ती शेवटी जोडावी. इंजिन बंद करून काही तास झाल्यावर 12.6 व्होल्टच्या आसपास दाब दिसला, तर बॅटरी पूर्ण भरलेली आहे. वायपरचे रबर, सर्व दिवे आणि मागचे रिफ्लेक्टर यांना दहा मिनिटेही लागत नाहीत. मुसळधार पावसात संध्याकाळी परतताना त्यांच्याच भरवशावर मागची वाहने आपल्याला ओळखतात.

पेडल मऊ लागणे, स्टेअरिंगमध्ये ढिलेपणा, टायमिंग बेल्ट, इंजेक्टर आणि एअरबॅग ही कामे घरी करू नयेत. ती जाणकार मेकॅनिककडेच न्यावीत. बाकीचे संपल्यावर तारीख, किलोमीटर आणि काय बदलले हे एका वहीत लिहावे. चाके काढली असतील, तर नट समोरासमोर अशा क्रमाने आवळलेले असावेत आणि 50 ते 100 किलोमीटर धावल्यावर ते पुन्हा तपासावेत. त्या रात्री इंजिनाखाली एक मोठा पुठ्ठा पसरून ठेवावा आणि सकाळी त्यावर कोठे थेंब पडले आहेत ते पाहावे : काळा किंवा तपकिरी डाग बहुधा ऑइलचा, हिरवा, निळा किंवा गुलाबी कूलंटचा, आणि चाकाच्या आतल्या बाजूला पिवळसर, निसरडा डाग दिसला तर तो ब्रेक ऑइलचा असण्याची शक्यता गृहीत धरून गाडी जागची हलवू नये.