काउंटीचं नाव का बदललं ते कसं शोधायचं (कॅन्ससच्या लायन काउंटीवरून)

१८६० च्या सुमाराचा अमेरिकेतल्या कॅन्ससचा नकाशा उघडलात आणि त्यात ब्रेकिनरिज काउंटी दिसली तर आजच्या नकाशात ती शोधत बसू नका, मिळणार नाही. त्यातलं एम्पोरिया गाव आहे तिथेच आहे, फक्त आता ते लायन काउंटीत येतं. (काउंटी म्हणजे साधारण आपला जिल्हा धरा.) असं काही दिसलं की कारण कसं काढायचं ते या एकाच काउंटीवरून सांगतो.

आधी साल पकडायचं. तिकडे दर दहा वर्षांनी जनगणना होते, १८६० ला ब्रेकिनरिज आणि १८७० ला लायन, म्हणजे जे झालं ते मधे झालं, मग तेवढ्याच वर्षांचे राज्याच्या विधिमंडळाचे कायदे चाळायचे. सर्च करताना ब्रेकेनरिज हे स्पेलिंगही टाकून बघा, जुन्या कागदांत दोन्ही असतात. उत्तर निघतं फेब्रुवारी १८६२, कॅन्ससला राज्य होऊन जेमतेम वर्ष झालं होतं.

आता सगळे लगेच नव्या नावाच्या माणसाकडे धावतात. तसं करू नका, आधी जुन्या नावाचं काय झालं ते बघा. जॉन ब्रेकिनरिज १८५७ ते १८६१ अमेरिकेचा उपाध्यक्ष होता, नंतर यादवी युद्धात तो गुलामगिरी टिकवणाऱ्या दक्षिणेच्या फौजेत गेला आणि ४ डिसेंबर १८६१ ला सिनेटने (संसदेच्या वरच्या सभागृहाने) त्याला सदस्यत्वावरून काढून टाकलं. तारखा शेजारी शेजारी लिहून बघा, त्यानंतर दोनच महिन्यांत काउंटीवरून त्याचं नाव गेलं.

मग लायनच का? नॅथॅनिएल लायन मूळचा कनेक्टिकटचा, पण युद्धाआधी कॅन्ससच्या फोर्ट रायली या लष्करी तळावर नोकरीला होता. १० ऑगस्ट १८६१ ला मिसुरीत विल्सन्स क्रीकला लढाई झाली, त्यात त्याच्या डोक्याला आणि पायाला लागलं, घोडा मेला, तरी तो दुसऱ्या घोड्यावर बसून सेकंड कॅन्सस या पलटणीच्या पोरांना पुढे घेऊन निघाला आणि छातीत गोळी लागून पडला. त्या युद्धात लढताना मेलेला उत्तरेचा हा पहिला जनरल, आणि मेला तो कॅन्ससच्याच पोरांबरोबर, त्यामुळे तिथल्या लोकांना त्याचं नाव परकं वाटलंच नसणार.

नुसत्या नावावरून मात्र ठरवू नका. केंटकीतही ब्रेकिनरिज आणि लायन या काउंट्या आहेत, पण पहिली या उपाध्यक्षाच्या आजोबांच्या नावाची आणि दुसरी चिटेंडन लायन नावाच्या खासदाराची, इथे बरेच जण फसतात.

आणि त्या अधिकाऱ्याची आधीची नोकरीही वाचा, हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. १८५० मध्ये कॅलिफोर्नियात क्लिअर लेकला याच लायनच्या हाताखालच्या सैनिकांनी पोमो या तिथल्या मूळ रहिवासी लोकांची कत्तल केली, बायका-मुलंही सोडली नाहीत. लढाईच्या शेजारी हेही लिहून ठेवा, त्या लोकांचे वंशज आजही त्याच तळ्याकाठी राहतात.