सिस्टमडी नसलेल्या लिनक्सवर नेटवर्क लावताय? या चुका टाळा

गेल्या आठवड्यात परत तोच फोन. "दादा, डेव्हुआन टाकलं, सगळं मस्त चाललंय, फक्त नेट येत नाहीये. सिस्टमसीटीएल रीस्टार्ट नेटवर्किंग दिलं तर कमांडच सापडत नाही म्हणतंय." अरे, सिस्टमडी (मशीन चालू झाल्यावर सगळ्या सर्व्हिस सुरू करणारा आणि सांभाळणारा प्रोग्राम) नको म्हणून तर तू डेव्हुआन टाकलंस ना, मग त्याचीच सिस्टमसीटीएल कमांड येणार कुठून? पण त्याला रागावून उपयोग नाही, कारण नेटवर "लिनक्स स्टॅटिक आयपी" शोधलं की पहिली दहा पानं उबुंटूची येतात आणि त्यात नेटप्लॅनची फाइल नाहीतर सिस्टमसीटीएल हेच असतं. नवीन माणूस वाचत नाही, कॉपी करतो. तिथूनच सगळं बिघडायला सुरुवात होते.

कमांडांची नावं खाली आपण तोंडाने म्हणतो तशीच लिहिलीयत, टर्मिनलवर अर्थातच इंग्रजीत टाइप करा.

आधी एवढं डोक्यात पक्कं करा की सिस्टमडी काढलं म्हणजे त्या जागी एकच काहीतरी दुसरं आलं असं नाहीये. डेबियनने २०१४ मध्ये सिस्टमडी घ्यायचं ठरवल्यावर त्यातून डेव्हुआन फुटून निघालं, त्याची पहिली स्थिर आवृत्ती २०१७ मध्ये आली, त्यात जुनीच आयएफअपडाउनची पद्धत आहे (आयएफअप म्हणजे इंटरफेस, म्हणजे नेटवर्क कार्ड, चालू आणि आयएफडाउन म्हणजे बंद), सगळं ईटीसीखालच्या नेटवर्क फोल्डरातल्या इंटरफेसेस या फाइलमध्ये. अल्पाइन, व्हॉइड, स्लॅकवेअर हेही सिस्टमडी नसलेले लिनक्सचे प्रकार. अल्पाइनमध्ये सर्व्हिस सांभाळायला ओपनआरसी. व्हॉइडमध्ये रनिट. स्लॅकवेअरमध्ये आरसी डॉट आयनेट१ आणि त्याची कॉन्फ फाइल. आपल्या मशीनवर यातलं काय आहे हे ज्याला सांगता येत नाही त्याने अजून कुठल्याही फाइलला हात लावू नये, हे माझं स्पष्ट मत आहे.

दुसऱ्या मशीनवरून रिझॉल्व्ह डॉट कॉन्फ उचलून आणणे

हे मी इतक्या वेळा बघितलंय की आता फोनवर लक्षणं ऐकूनच कळतं. ८.८.८.८ ला पिंग जातो, पण नावाने एकही साइट उघडत नाही. रिझॉल्व्ह डॉट कॉन्फ उघडून बघा म्हटलं की आत नेमसर्व्हर (साइटच्या नावाचा आयपी पत्ता सांगणारा) १२७.०.०.५३ लिहिलेलं. हा पत्ता बाहेरच्या कुठल्या सर्व्हरचा नाही, तुमच्याच मशीनचा आहे, आणि तिथे सिस्टमडी-रिझॉल्व्हडी नावाचा प्रोग्राम ऐकत बसलेला असतो. तुमच्याकडे तो प्रोग्रामच नाही, म्हणजे तुम्ही ज्या घराची बेल वाजवताय तिथे कोणी राहतच नाही.

त्याचाच भाऊ म्हणजे तुटलेली लिंक. उबुंटूवरून अख्खं ईटीसी फोल्डर बॅकअपमधून आणून टाकतात आणि रिझॉल्व्ह डॉट कॉन्फ ही फाइल नसून रनखालच्या सिस्टमडीच्या फोल्डराकडे बोट दाखवणारी लिंक असते, ते फोल्डर इथे नाहीच. एडिटरमध्ये उघडली तर कोरी दिसते, सेव्ह करायला गेलं की एरर, मग लोक परमिशन बदलत बसतात. आधी एलएस मायनस एल करून ती फाइल आहे की लिंक ते बघा. लिंक असेल तर सरळ उडवा, साधी फाइल करा, त्यात राउटरचा पत्ता नेमसर्व्हर म्हणून टाका. दोन मिनिटांचं काम आहे.

आधी फाइल बदलणे आणि मग आयएफडाउन देणे

आता ही माझी सगळ्यात नावडती चूक. ही दिसत नाही, लगेच दुखत नाही, आणि दुखायला लागली की माणूस भलतीकडेच शोधत बसतो.

आमच्या ओळखीच्या एका तालुक्याच्या गावच्या वाचनालयात पाच कॉम्प्युटर आहेत आणि एक जुना डेस्कटॉप डेव्हुआन टाकून सर्व्हर म्हणून ठेवलाय, पुस्तकांची देवघेव त्याच्यावर चालते. तिथलं सगळं बघणारा मुलगा हुशार आहे, कॉलेज सांभाळून करतो. त्याने ठरवलं की सर्व्हरला डीएचसीपीचा, म्हणजे राउटर आपोआप देतो तो पत्ता नको, कायमचा द्यावा. इंटरफेसेस फाइल उघडली, डीएचसीपी काढून स्टॅटिक लिहिलं, पत्ता १९२.१६८.१.१०, आतला नेमसर्व्हर रिझॉल्व्ह डॉट कॉन्फमध्ये टाकला, नेटवर्किंग रीस्टार्ट केलं आणि झालं. खरंच झालं. सगळे कॉम्प्युटर जोडले गेले, तो खूश होऊन घरी गेला.

दुसऱ्या दिवशी रात्रीचा बॅकअप पडलेला नाही. बघतो तर रिझॉल्व्ह डॉट कॉन्फमध्ये राउटरचा पत्ता, आतला नेमसर्व्हर गायब, त्यामुळे बॅकअपच्या डब्याचं नावच मशीनला ओळखू येईना. त्याने परत लिहिलं. परत गायब. असं तीन दिवस चाललं, राउटर बदलून झाला, कोणीतरी घुसलंय असाही संशय घेऊन झाला, शेवटी त्याने मला बोलावलं.

मी बसल्याबसल्या आयपी ॲड्रेस कमांड दिली. ईथ० वर, म्हणजे त्या मशीनच्या नेटवर्क कार्डावर, दोन पत्ते. १९२.१६८.१.१० आणि खाली १९२.१६८.१.३७. तो म्हणाला, मी तर रोज आयएफकॉन्फिग बघतोय, एकच दिसतो. बरोबर आहे, आयएफकॉन्फिग अशा वेळी दुसरा पत्ता दाखवतच नाही, म्हणून मी त्याच्यावर विसंबून राहणं कधीच सोडलंय. मग पीएसमध्ये, म्हणजे चालू प्रोग्रामांच्या यादीत, डीएचक्लायंट (राउटरकडून डीएचसीपीचा पत्ता मागणारा प्रोग्राम) शोधला तर तो जिवंत, सुरू झाल्याची तारीख सोमवारची, म्हणजे फाइल बदलायच्या आधीची.

झालं काय होतं ते सांगतो. आयएफडाउन इंटरफेस बंद करताना फाइल वाचतं, पण आत्ता जशी आहे तशी वाचतं. त्याला फाइलमध्ये स्टॅटिक दिसलं. स्टॅटिकमध्ये डीएचसीपीच्या क्लायंटला थांबवायचा प्रश्नच येत नाही, म्हणून त्याने तो थांबवला नाही. तो मागे चालूच राहिला. डीएचसीपीचा पत्ता ठरावीक मुदतीसाठी मिळतो आणि अर्धी मुदत संपली की क्लायंट तो रिन्यू करतो. तिथे राउटरवर मुदत २४ तासांची होती, म्हणजे दर १२ तासांनी हा गडी उठायचा, जुना पत्ता परत चिकटवायचा आणि रिझॉल्व्ह डॉट कॉन्फ नव्याने लिहायचा. मशीन रात्रंदिवस चालू, रीबूट कोणी करत नाही, त्यामुळे चक्र चालूच.

म्हणून क्रम हा आहे: आधी आयएफडाउन, मग फाइल बदला, मग आयएफअप. बस. आणि क्रम चुकलाच असेल तर मशीनसमोर बसून, लांबून नाही, डीएचक्लायंटचा प्रोसेस किल करा, आयपी ॲड्रेस फ्लश देऊन इंटरफेसवरचे सगळे पत्ते साफ करा, मग आयएफडाउन आणि आयएफअप. मी स्वतः फाइल उघडायच्या आधी तिची एक कॉपी करतो आणि नावात तारीख टाकतो, ही सवय मला इतक्या वेळा वाचवून गेलीय की आता हात आपोआप तिकडे जातो.

याच जागी एक शॉर्टकट लोक सांगत फिरतात, चॅटर प्लस आय मारून रिझॉल्व्ह डॉट कॉन्फला कुलूप लावा म्हणे, म्हणजे कोणी बदलणार नाही. मला हा अजिबात पटत नाही. फाइल कोण बदलतंय ते शोधायचं सोडून फाइललाच बांधून ठेवायचं, आणि सहा महिन्यांनी दुसरा माणूस रूट (सगळे अधिकार असलेला युजर) असूनही ती फाइल का लिहिता येत नाही म्हणून अर्धा दिवस घालवणार. वाचनालयातल्या त्या मुलाने हेही करून बघितलं असतं तर बॅकअप चालू झाला असता आणि दुसरा पत्ता मात्र तसाच लटकत राहिला असता, कोणाला पत्ताच लागला नसता.

लांबच्या मशीनवर एसएसएचमधून नेटवर्क रीस्टार्ट करणे

ही २०१४ ची गोष्ट, तेव्हा डेबियन ७ होतं, सिस्टमडी अजून डीफॉल्ट झालेलं नव्हतं. साताऱ्याच्या पुढे एका छोट्या ऑफिसमधलं मशीन मी पुण्यातून एसएसएचने, म्हणजे नेटवरूनच लॉगिन करून बघायचो. गेटवे (बाहेरच्या नेटला जायचा रस्ता देणाऱ्या राउटरचा पत्ता) बदलायचा होता, किरकोळ काम, संध्याकाळचे साडेसहा वाजलेले, मी इनिट डॉट डी मधलं नेटवर्किंग रीस्टार्ट दिलं. स्क्रीनवर एक ओळ आली, रीस्टार्ट वापरू नका, काही इंटरफेस परत चालू होणार नाहीत अशा अर्थाची. ती वाचेपर्यंत कनेक्शन गेलं.

त्या मशीनच्या फाइलमध्ये ईथ० पुढे ऑटो नव्हतं, अलाउ-हॉटप्लग होतं, इन्स्टॉलर तेव्हा तसंच लिहायचा. तेव्हाचं रीस्टार्ट बंद सगळ्यांना करायचं आणि चालू फक्त ऑटोवाल्यांना. हॉटप्लगवालं कार्ड तेव्हाच उठतं जेव्हा कर्नल सांगतो की नवीन कार्ड आलंय, आणि ते तर आधीपासून खोचलेलंच होतं.

ऑफिसमध्ये फक्त हिशेब बघणाऱ्या ताई उरल्या होत्या, पर्स घेऊन निघायच्या बेतात. त्यांनी काळ्या स्क्रीनवर आयुष्यात काही टाइप केलेलं नव्हतं. मी फोनवर एकेक अक्षर सांगतोय, आय, एफ, यू, पी, आता स्पेस द्या, मोठं बटण, आता ई, टी, एच, आणि शून्य, ओ नाही ताई, शून्य. त्यांनी ओ दाबला होता. परत. पासवर्ड टाइप करताना काहीच दिसत नाहीये म्हणून त्या थांबल्या, कीबोर्ड बिघडलाय का विचारायला लागल्या. चाळीस मिनिटं गेली, त्यांची सव्वासातची एसटी चुकली. मशीन आलं, पण ती चुकलेली एसटी मला आजही आठवते.

नवीन आवृत्त्यांत ती स्क्रिप्ट सुधारलीय, तरी माझा नियम बदललेला नाही. लांबच्या मशीनवर नेटवर्कला हात लावायचा तर आधी स्क्रीन नाहीतर टीमक्स (कनेक्शन तुटलं तरी आतलं काम चालू ठेवणारे प्रोग्राम) उघडायचं, त्यात एक ओळ सोडायची: दहा मिनिटं थांब, जुनी फाइल परत जागेवर ठेव आणि रीबूट कर. मग दुसऱ्या विंडोत फाइलची जुळवाजुळव, आयएफडाउन आणि आयएफअप एकाच ओळीत, मध्ये अर्धविराम. मध्ये दोन अँपरसँड नको, कारण पहिल्याने जरा कुरकुर केली तर दुसरं चालणारच नाही आणि तुम्ही बाहेर. आणि हो, वर क्रमाबद्दल सांगितलं ते इथे अडचणीचं ठरतं, एसएसएचमधून आधी आयएफडाउन दिलं तर फाइल बदलणार कोण? म्हणून नवीन फाइल वेगळ्या नावाने तयार ठेवायची आणि त्याच एका ओळीत डाउन, कॉपी, अप असं लावायचं. सगळं नीट झालं, नव्याने लॉगिन होऊन बघितलं, की ती रीबूटवाली ओळ मारून टाकायची. हे सगळं करायला पाच मिनिटं लागतात. "एवढं कशाला, एकच तर ओळ बदलायचीय" म्हणणारी मंडळी मला माहितीयेत, त्यांचेच फोन येतात.

बाकीच्या, पटापट

इंटरफेसचं नाव गृहीत धरू नका. अल्पाइनवर ईथ० दिसेल, व्हॉइडवर ईएनपी३एस० सारखं काहीतरी. आयपी लिंक देऊन बघा आणि तेच नाव फाइलमध्ये लिहा.

आयपी लिंकमध्ये नो-कॅरिअर दिसतंय? केबल बघा. फाइल नंतर.

दोन कार्डं असतील तर गेटवेची ओळ एकालाच. दोघांना दिली की डीफॉल्ट रूट कोणता लागेल हे कोण आधी उठलं त्याच्यावर ठरतं.

व्हॉइडवर पॅकेज टाकलं म्हणजे सर्व्हिस चालू झाली असं नाही, ईटीसीखालच्या एसव्हीमधून व्हारखालच्या सर्व्हिस फोल्डरात लिंक करावी लागते, मग एसव्ही स्टेटस. आणि डीएचसीपीसीडी आणि नेटवर्कमॅनेजर दोन्ही एकदम चालू ठेवू नका, एकाच कार्डावर दोन मालक, दोघं एकमेकांचं केलेलं पुसत बसतात. कोणता ठेवायचा हे ठरवा आणि दुसऱ्याची लिंक काढा. माझं विचाराल तर घरच्या डेस्कटॉपला केबल असेल तर डीएचसीपीसीडी पुरेसं आहे.

स्लॅकवेअरवर आरसी स्क्रिप्टला एक्झिक्यूटची परमिशन नसेल तर ती बूटला चालत नाही. एरर येत नाही, नुसतं काहीच होत नाही.

अल्पाइनवर आरसी-अपडेट ॲड नेटवर्किंग बूट राहिलं की आत्ता सगळं चालतं आणि रीबूटनंतर शांतता. आणि अल्पाइन पेनड्राइव्हवरून डिस्कलेस चालवत असाल तर सगळं रॅममध्ये असतं, एलबीयू कमिट केल्याशिवाय एकही बदल टिकत नाही. माझ्या भाच्याने यापायी एकच फाइल चार संध्याकाळी लिहिली.

वायफाय उठत नसेल तर आधी आरएफकिल लिस्ट, वायफाय बंद करून ठेवलंय का ते त्यात दिसतं. मग डब्ल्यूपीए सप्लिकंट (वायफायला जोडून देणारा प्रोग्राम) दोनदा तर चालू नाहीये ना ते पीएसमध्ये बघा, एकदा हाताने सुरू केलेला असतो आणि एकदा बूटने.

रीबूट करून बघू नका. म्हणजे करा, पण आधी काय चाललं होतं ते लिहून ठेवा. वाचनालयातलं मशीन रीबूट केलं असतं तर त्रास बंद झाला असता, पण का होत होता हे त्या मुलाला कधीच कळलं नसतं आणि पुढच्या वेळी त्याने परत तेच केलं असतं.

आणि मला फोन करायच्या आधी या चार गोष्टींचं आउटपुट पाठवा, याच क्रमाने: आयपी लिंक, आयपी ॲड्रेस, आयपी रूट, आणि रिझॉल्व्ह डॉट कॉन्फमध्ये जे काही लिहिलंय ते. सोबत पीएसमध्ये डीएच शोधून जे येईल ते. मोबाइलवर काढलेला स्क्रीनचा तिरका फोटो नको, त्यात शून्य आणि ओ सारखेच दिसतात.